डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची किडनी: कागदावर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. तान्हा असताना हृदयातल्या छिद्राचं ऑपरेशन झालं. आता नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन ०.७ आलं, कागदावर ‘नॉर्मल’ छापलंय. लघवीत प्रोटीन एक प्लस आहे. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या वयाच्या मानाने लहान असल्याचं लिहिलंय. त्याची उंची १०२ सेंटीमीटर आहे. पाणी खूप पितो आणि रात्री अजूनही अंथरूण ओलं होतं. ‘या मुलांचं असंच असतं’ असं आम्हाला सांगण्यात आलं. खरंच तसं आहे का?”

नाही, यावर विश्वास ठेवून थांबू नका. घाबरून रातोरात इस्पितळ गाठावं असं तुमच्या लिहिण्यात काही दिसत नाही, पण एक तपासणी मात्र उद्याच करून घ्या: रक्तातली साखर. लहान वयात होणारा, इन्सुलिन लागणारा मधुमेह डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि खूप तहान व खूप लघवी ही त्याची पहिली खूण असू शकते. साखर ठीक निघाली, की मग उरलेल्या गोष्टी एकत्र ठेवून बघा. थोडं वर असलेलं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, लहान किडन्या, भागत नसलेली तहान, या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात.

लहान मुलांच्या किडनीच्या आजारांवर मी बरीच वर्षं काम करतो आहे. ‘या मुलांचं असंच असतं’ या वाक्याने जेवढं नुकसान होताना पाहिलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने. मूल उशिरा चालतं, उंची कमी, लवकर दमतं, रात्री अंथरूण ओलं करतं, हे सगळं डाउन सिंड्रोमच्या खात्यावर टाकता येतं, म्हणून टाकलं जातं. आणि हीच सगळी किडनीच्या दीर्घ आजाराचीही लक्षणं आहेत. डाउन सिंड्रोममुळे या गोष्टींची शक्यता वाढते, म्हणून तर त्या अधिक बारकाईने तपासायच्या.

आधी त्या ०.७ कडे पाहू, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होतं आणि किडनी ते रक्तातून गाळून काढते. स्नायू कमी तेवढं क्रिएटिनिन कमी, म्हणून लहान मुलात ते मोठ्या माणसापेक्षा बरंच खाली असायला हवं. पाच-सहा वर्षांच्या मुलात ते साधारण ०.३ ते ०.५ च्या आसपास असतं. पण कागदावर छापलेली मर्यादा बऱ्याचदा मोठ्या माणसांचीच असते, त्यामुळे ०.७ समोर कुठलीही खूण येत नाही. आम्ही मुलांसाठी श्वार्ट्झ यांचं सूत्र वापरतो. ते सोपं आहे, घरीही करता येतं: सेंटीमीटरमधल्या उंचीला ०.४१३ ने गुणायचं आणि क्रिएटिनिनच्या आकड्याने भागायचं. तुमच्या मुलासाठी उत्तर येतं ६०. ही झाली किडनीची अंदाजे गाळण-क्षमता, शरीराच्या १.७३ चौरस मीटर पृष्ठभागामागे दर मिनिटाला इतके मिलिलिटर. दोन वर्षांच्या वरच्या निरोगी मुलात ती ९० च्या वर असायला हवी. त्याच उंचीला क्रिएटिनिन ०.४ असतं तर उत्तर १०५ आलं असतं. आणि छापील कागदावर ०.४ आणि ०.७ या दोघांपैकी कशाबद्दलच कुणी तुम्हाला सावध केलं नसतं.

हा ६० लगेच कोरून ठेवू नका. सूत्रात उंची आहे, आणि ती आजची, नीट मोजलेली लागते. शाळेच्या फॉर्मवरची किंवा वयावरून धरलेली उंची घातली तर उत्तर चुकतं. डाउन सिंड्रोम असलेली मुलं वयाच्या मानाने बुटकी असतात, त्यामुळे ही चूक इथे जास्त महागात पडते. जपानमधल्या डॉक्टरांनी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी वय, लिंग आणि उंचीप्रमाणे क्रिएटिनिनचे वेगळे तक्ते तयार केले आहेत, ते याचसाठी. शिवाय इतक्या लहान आकड्यांत मोजण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. जुनी याफे पद्धत लहान मुलांत आकडा फुगवून दाखवू शकते. पुढची तपासणी एन्झायमॅटिक पद्धतीने होईल अशा ठिकाणी करा, आणि दर वेळी तिथेच करा. सर्वांत मोलाची तुलना मात्र त्याची त्याच्याशीच. हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळची फाइल काढा, त्यानंतरचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. पूर्वी ०.३, मग ०.५, आता ०.७ असा चढ असेल तर तो उंचीबरोबर होणाऱ्या वाढीपेक्षा फार जास्त आहे. तीन वर्षं ०.६ आणि ०.७ च्या मध्येच असेल तर चित्र बरंच वेगळं.

दुसरी फसगत थायरॉईडची. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉईड मंदावणं इतकं नेहमीचं आहे की त्याची तपासणी दरवर्षी करायची असते. थायरॉईड खऱ्या अर्थाने कमी असेल तर किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह आणि गाळण दोन्ही घटतात, क्रिएटिनिन वर जातं, आणि गोळी सुरू करून काही आठवडे गेले की पुष्कळदा पुन्हा खाली येतं. म्हणून टीएसएच आणि फ्री टी४ या थायरॉईडच्या दोन रक्ततपासण्या बघितल्याशिवाय मी कुठल्याच मुलाला किडनीच्या दीर्घ आजाराचं लेबल लावत नाही. टीएसएच नुसतं किंचित वर असेल आणि टी४ व्यवस्थित असेल, तर ०.७ चा दोष त्यावर ढकलता येणार नाही. स्नायूंवर कमी अवलंबून असलेली सिस्टॅटिन सी नावाची तपासणी अशा मुलांत मला फार उपयोगी वाटते, पण थायरॉईड कमी असताना तीही फसवते, आणि तीसुद्धा उलट्या दिशेने: सिस्टॅटिन खाली जातं, म्हणजे किडनी आहे त्यापेक्षा चांगली वाटते. तेव्हा आधी थायरॉईड जागेवर आणायचं, मग दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. गाळण-क्षमतेतली घट तीन महिन्यांहून जास्त काळ टिकली तरच तिला दीर्घ म्हणतात.

आता त्या तहानेबद्दल. तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ हीच आहे. गर्भात किडनीची घडण अपुरी राहिली की तिचं एक काम लवकर बिघडतं: लघवी घट्ट करण्याचं. अशी किडनी पाणी आणि बऱ्याचदा मीठही वाया घालवते. मूल दिवसभर पाणी मागतं, लघवी पाण्यासारखी फिकट असते, रात्री मूत्राशय भरून वाहतो. घरचे काय करतात? अंथरूण ओलं होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद करतात. हे कृपा करून करू नका. ज्या मुलाची किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही त्याचं रात्रीचं पाणी तोडलं तर सकाळपर्यंत शरीर कोरडं पडतं, आणि आधीच अशक्त असलेल्या किडनीला आणखी इजा होते. त्याला तहानेप्रमाणे पिऊ द्या. सकाळच्या पहिल्या लघवीची घनता तपासली की घट्ट करण्याची क्षमता किती उरली आहे याचा चांगला अंदाज येतो. साधी, स्वस्त तपासणी आहे, आणि ती मागायला कुणालाच सुचत नाही.

मिठाचंही असंच आहे. ‘किडनीचा त्रास म्हणजे मीठ बंद’ हे मोठ्या माणसांवरून उचललेलं आहे. रक्तदाब वाढलेला किंवा अंगावर सूज असेल तर मीठ कमी करावंच लागतं. पण मीठ वाया घालवणाऱ्या किडनीच्या मुलाचं मीठ तोडलं तर त्याचं वजन वाढत नाही, उंची थांबते. अशा काही मुलांना आम्ही उलट वरून मीठ देतो. वाढत्या मुलाचं प्रथिनही स्वतःच्या मनाने कमी करायचं नसतं.

किडन्या लहान का असतात? किडनीतल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, गर्भारपणाच्या ३६ व्या आठवड्याच्या सुमारास तयार व्हायच्या थांबतात. त्यानंतर आयुष्यात एकही नवी बनत नाही. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्यामुळे अवयवांच्या घडणीचा वेग आणि क्रम बदलतो. हृदयात तो आपल्याला लगेच दिसतो, किडनीत दिसत नाही. मृत्यूनंतर केलेल्या तपासण्यांत डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या किडन्या लहान असणं, त्यांत बारीक पोकळ्या असणं, गाळण्या अपक्व राहणं अशा नोंदी अनेक आहेत. जिवंत मुलांबद्दलची मोठी माहिती न्यूयॉर्क राज्याच्या जन्मजात दोषांच्या नोंदवहीतून आली. १९९२ ते २००४ मध्ये जन्मलेल्या बाळांचा तो अभ्यास होता. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत किडनी व मूत्रमार्गाचे दोष ३.२ टक्क्यांना होते, इतरांत ०.७ टक्क्यांना. म्हणजे चौपटीहून जास्त. आणि ही फक्त नोंदवहीपर्यंत पोचलेली बाळं. नुसत्या लहान किडन्या अशा नोंदवहीत सहसा उतरत नाहीत.

पूर्वी याची कुणी फारशी चर्चा करत नसे, त्यालाही कारण आहे. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं, आज ते ६० च्या घरात आहे. हृदयाची ऑपरेशनं होऊ लागली, मुलं मोठी होऊ लागली. कमी गाळण्या घेऊन जन्मलेली किडनी पहिली दहा वर्षं कशीबशी निभावते. उरलेल्या गाळण्यांवर जास्तीचा भार पडतो, त्यांना व्रण पडू लागतात, लघवीत प्रोटीन झिरपतं, आणि मग खरी घसरण सुरू होते. ही गोष्ट उलगडायला जेवढी वर्षं लागतात तेवढी आता आपल्या मुलांना मिळत आहेत. म्हणून किडनीकडे बघणं आता टाळता येत नाही.

लहान किडन्यांच्या जोडीला अडथळा तर नाही ना, हे बघणं मुलग्यांत फार गरजेचं आहे. काही मुलग्यांत मूत्राशयातून लघवी बाहेर नेणाऱ्या नळीच्या सुरुवातीला जन्मजात पडदा असतो, त्याला पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह म्हणतात. डाउन सिंड्रोमच्या मुलग्यांत त्याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळलं आहे. मुलाची धार बघा. जोरात, सलग येते की थेंबथेंब, कुंथून? सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड आहे का, लघवी केल्यावर आत किती उरते, किडनीतली पोकळी फुगलेली आहे का, हे तीन प्रश्न सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तुमच्या रिपोर्टमध्ये फक्त किडनीची लांबी असेल तर तो अपुरा आहे, मूत्राशय भरलेला आणि रिकामा असा दोनदा बघून पुन्हा करावा लागेल. लांबीही वयाऐवजी उंचीच्या तक्त्यावर ताडून घ्यायला सांगा. बुटक्या मुलाची किडनी थोडी लहान असणारच. उंचीच्या मानानेही ती लहान निघाली तरच तिला खरोखर लहान म्हणायचं.

ज्यांच्या बाळाची किडनी गर्भातच फुगलेली दिसली होती अशांसाठी एवढंच: जन्मानंतर पहिल्या ४८ तासांत बाळाला लघवी कमी होते, तेव्हा केलेली सोनोग्राफी खोटा दिलासा देऊ शकते. ती त्यानंतर करावी, आणि सुरुवातीला बरी आली तरी काही आठवड्यांनी पुन्हा. मुलगा असेल, दोन्ही बाजू फुगलेल्या असतील किंवा गर्भजल कमी होतं असं सांगितलं असेल तर मात्र अजिबात थांबायचं नाही.

अडथळा नसतानाही मूत्राशय नीट रिकामा न होणं या मुलांत बरंच दिसतं. स्नायूंचा सैलपणा, बद्धकोष्ठता, लघवी धरून ठेवायची सवय, आणि शौचालयात बसण्याची पद्धत, अशी बरीच कारणं एकत्र येतात. काही मुलांत मूत्राशय आणि त्याचं दार एकमेकांविरुद्ध काम करू लागतात: मूत्राशय दाबतो, दार मिटलेलं राहतं. मेंदू-मज्जारज्जूत काही दोष नसतानाही हा दाब वर किडनीपर्यंत जातो आणि तिला खराब करतो. इथे घरी करता येण्यासारखं खूप आहे. दर दोन-तीन तासांनी, लागो न लागो, लघवीला नेणं. कमोडवर बसवत असाल तर पायाखाली भक्कम पाट, पाय लोंबकळता कामा नयेत, कारण पायांना आधार नसला की ओटीपोटाचे स्नायू सैल सुटत नाहीत आणि सैल अंगाच्या मुलाचा तोलही जातो. एकदा लघवी झाली की एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न. घाई न करणं. आणि बद्धकोष्ठतेवर पुरेसे दिवस, पुरेशा मात्रेत औषध. गुदाशयात साठलेला मळ मूत्राशयावर दाबतो. नुसत्या पोट साफ होण्याने अंथरूण कोरडं झालेली आणि वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्ग थांबलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

अंथरूण ओलं होण्याला आणखी एक कारण असू शकतं, ते झोपेत. डाउन सिंड्रोमच्या मुलांत घोरणं आणि झोपेत श्वास अडणं फार आढळतं, म्हणून चार वर्षांचं होईपर्यंत झोपेची तपासणी करावी असा सल्ला दिला जातो. श्वास अडला की रात्री लघवी जास्त तयार होते, आणि रक्तदाबही चढतो. तुमचा मुलगा घोरत असेल तर हे नक्की विचारा.

आणि एक धोक्याची खूण, जी कुठल्याही परिस्थितीत घरी बसून बघत राहायची नाही. पूर्वी कोरडं राहणारं मूल अचानक लघवी किंवा शी अंगावर करू लागलं, चाल बदलली, वारंवार पडू लागलं, मान वाकडी धरू लागलं किंवा हातातली शक्ती कमी झाली, तर ते मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधल्या सैलपणामुळे मज्जारज्जूवर येणारा दाब असू शकतो. मान हलू न देता त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात न्या. ‘हट्टीपणा करतोय’ म्हणून यात वेळ गेला तर तो परत मिळत नाही.

प्रोटीन एक प्लस. लघवीत बुडवायच्या पट्टीवरची ही खूण ताप, धावपळ, घट्ट लघवी अशा कशानेही येते, म्हणून एकदा आलेल्या एक प्लसवरून मी काही ठरवत नाही. झोपेतून उठल्यावरची पहिली लघवी घ्या आणि तिच्यात प्रोटीन व क्रिएटिनिनचं गुणोत्तर मोजा. दोन वर्षांवरच्या मुलात ते ०.२ च्या खाली हवं. वेगवेगळ्या दिवशीच्या दोन-तीन नमुन्यांत ते वर राहिलं तर प्रोटीन खरंच जातंय. तुमच्या मुलाच्या बाबतीत लघवी पाण्यासारखी पातळ असूनही पट्टीवर प्रोटीन उमटलं असेल, तर मला ते जास्त गंभीर वाटतं. पातळ लघवीत प्रोटीन लपतं, पट्टी कमी दाखवते.

लहान किडन्यांवरच्या भारामुळे झिरपणारं प्रोटीन सहसा थोडं असतं आणि हळूहळू वाढतं. पण डाउन सिंड्रोममध्ये रोगप्रतिकारशक्तीच वेगळ्या तऱ्हेने चालते, आणि तिचा मोर्चा कधी कधी स्वतःच्याच गाळण्यांकडे वळतो. गाळण्यांत आयजीए नावाची प्रतिपिंडं साचण्याची आयजीए नेफ्रोपॅथी, गाळण्यांना ठिकठिकाणी व्रण पडण्याचा एफएसजीएस, आणि काही आठवड्यांत किडनी निकामी करू शकणारा तीव्र दाह, हे सगळं या मुलांत आढळलेलं आहे. डोळ्यांभोवती सूज, लघवी चहासारखी किंवा तांबूस, प्रोटीनबरोबर रक्तपेशी, गुणोत्तर २ च्या वर, किंवा क्रिएटिनिन आठवड्या-आठवड्याला वाढणं, यातलं काहीही असेल तर बायोप्सीचा, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, विचार करावा लागतो. ‘अशा मुलाची बायोप्सी कशाला’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. निदान झालं तर औषधं आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हृदय आणि मान या दोन्हींची कल्पना आधी द्यायची, एवढी काळजी घेतली की ती नीट होते.

रक्तदाबाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण उपचारात सर्वांत जास्त हाती लागतं ते इथे. तुमच्या मुलाचा रक्तदाब तुम्ही लिहिलेला नाही, बहुधा कुणी घेतलाच नसेल. दंडाच्या मापाची पट्टी हवी, मूल पाच मिनिटं शांत बसलेलं हवं. आईच्या मांडीवर बसून घेतलं तरी चालतं. पहिल्यांदा आईच्या दंडाला पट्टी बांधून दाखवली की बरीच मुलं हात पुढे करतात. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलाबाबत एक विचारायचंच: हाताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून फुप्फुसाकडे शंट, म्हणजे रक्त वळवणारी नळी, बसवला होता का? असेल तर त्या हातातला रक्तदाब खोटा कमी येतो, दुसरा हात वापरावा लागतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांचा रक्तदाब सरासरीने इतरांपेक्षा कमीच असतो. त्यामुळे अशा मुलाचा रक्तदाब तक्त्याच्या वरच्या टोकाला आला तर ‘अजून मर्यादेत आहे’ म्हणून मी सोडत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या ‘एस्केप’ चाचणीत किडनीचा दीर्घ आजार असलेली ३८५ मुलं होती. सगळ्यांना रामिप्रिल हे एसीई इनहिबिटर गटातलं रक्तदाबाचं औषध दिलं, आणि अर्ध्या मुलांचा चोवीस तासांचा रक्तदाब नेहमीच्या उद्दिष्टापेक्षा बराच खाली, त्यांच्या उंचीच्या मुलांच्या मध्याच्याही खाली ठेवला. त्या मुलांची किडनी जास्त काळ टिकली. त्यामुळे रक्तदाब वर असेल किंवा प्रोटीन जात असेल तर याच गटातलं औषध आम्ही सुरू करतो. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा बघायचं.

हे औषध चालू असलेल्या घराने एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा: उलट्या-जुलाब होत असतील आणि पाणी पोटात राहत नसेल तर त्या दिवशी हे औषध थांबवून डॉक्टरांना फोन. हृदयासाठी लघवी वाढवण्याचं औषध चालू असेल तर त्याबद्दलही तेव्हाच विचारा. आणि ताप आला म्हणून आयबुप्रोफेन देऊ नका, पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने द्या. कोरडं पडलेलं शरीर, हे औषध आणि आयबुप्रोफेन असे तिन्ही एकत्र आले की दोन दिवसांत किडनी बसू शकते.

हृदयाच्या ऑपरेशनचा मुद्दा अजून संपलेला नाही. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. ऑपरेशनवेळी हृदयाचं काम करणाऱ्या बायपास यंत्रावर ठेवलेल्या तान्ह्या बाळाच्या किडनीला तात्पुरती इजा होणं वारंवार घडतं, आणि ती आठवड्याभरात सावरते म्हणून पुढे कुणी मागोवा घेत नाही. जुन्या कागदांत ‘एकेआय’ (किडनीला अचानक झालेली इजा) किंवा पोटातून डायलिसिस केल्याचा उल्लेख आहे का ते बघा. असेल तर आजच्या ०.७ ची मुळं तिथेही असू शकतात. पुढे कधी अँजिओग्राफी, रंगद्रव्य घालून सीटी, किंवा जेंटामायसिनसारखं प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर किडनीचा आकडा आधी सांगायचा.

युरिक ॲसिड वाढलेलं दिसलं तर लगेच गोळी सुरू करू नका. या मुलांत ते मुळातच थोडं वर असतं. युरिक ॲसिड प्युरिनपासून तयार होतं, आणि प्युरिन बनवण्याच्या साखळीतलं एक जनुक २१ व्या गुणसूत्रावरच आहे. खडे किंवा सांधेदुखी नसेल तर मी ते फक्त बघत राहतो. हिमोग्लोबिनबद्दल मात्र जागरूक राहा: डाउन सिंड्रोममध्ये लाल पेशी मुळात मोठ्या असतात, त्यामुळे लोह कमी असूनही त्या ‘नॉर्मल’ आकाराच्या दिसतात. किडनीच्या आजारात फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि लोहाची टक्केवारी वेगळी तपासावीच लागते. त्याच रक्तात बायकार्बोनेट, कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉईड हार्मोन बघून घ्या. रक्तात आम्लता साचली तर हाडं आणि उंची दोन्ही मार खातात, आणि तीही खुशाल डाउन सिंड्रोमच्या नावावर जाते.

डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक बाळाची किडनीची सोनोग्राफी करावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षात एकदा करावी. तिला ना सुई लागते ना किरणं. त्यानंतर थायरॉईडसाठी दरवर्षी रक्त घेतलंच जातं, त्याच नळीत क्रिएटिनिन, आणि सोबत रक्तदाब व लघवीची पट्टी. मुलाला वेगळा त्रास काहीच होत नाही.

सुईची भीती खरी असते, तिला किंमत द्या. बधिर करणारं मलम तासभर आधी लावून घ्या, चित्रं दाखवून पुढे काय होणार ते सांगा, घाईच्या वेळी जाऊ नका. लघवीचा नमुना चिकटवायच्या पिशवीतून घेतला तर जंतूंच्या तपासणीत खूपदा खोटा दोष निघतो आणि मुलाला नको ती प्रतिजैविकं मिळतात. थेट धारेतून घेतलेला नमुनाच कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघण्यासाठी, द्या. बोलता न येणाऱ्या मुलात कारण न सापडणारा ताप, उलट्या, खाणं सोडणं, चिडचिड यांमागे लघवीचा जंतुसंसर्ग आहे का, हे प्रत्येक वेळी बघायला सांगा. ‘इथे दुखतंय’ हे ते मूल सांगू शकणार नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार म्हणून सांगतो. ६० हा आकडा डायलिसिसपासून खूप लांब आहे, तो विषय साधारण १५ च्या खाली गेल्यावर येतो. बऱ्याच मुलांत तिथपर्यंत जायला कितीतरी वर्षं लागतात, काही कधीच जात नाहीत. आणि वेळ आलीच, तर डाउन सिंड्रोम आहे म्हणून डायलिसिस किंवा प्रत्यारोपण नाकारण्याचा अधिकार कुणालाही नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या २५ व्या कलमात अपंगत्वाच्या कारणावरून उपचार नाकारण्याला स्पष्ट मनाई आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत किडनी प्रत्यारोपण यशस्वी झालेलं आहे. जंतुसंसर्गाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, लसी आधी पूर्ण करून घ्याव्या लागतात, हृदय तपासून घ्यावं लागतं. औषध वेळेवर घेण्याच्या बाबतीत तर ठरलेल्या दिनक्रमावर प्रेम करणारी ही मुलं कित्येक किशोरांपेक्षा सरस असतात.

तुमच्या मुलाची गाळण-क्षमता थायरॉईड दुरुस्त करूनही ६० च्या आसपासच राहिली, तर बालकिडनीतज्ज्ञांकडे दर तीन ते सहा महिन्यांनी उंची, वजन, रक्तदाब, क्रिएटिनिन आणि प्रोटीनचं गुणोत्तर, एवढं पुरे. वयात येण्याच्या सुमारास शरीर झपाट्याने वाढतं आणि लहान किडन्यांना ते पेलत नाही, म्हणून दहाव्या-अकराव्या वर्षापासून हे अंतर कमी करायला सांगा, तोपर्यंतचे आकडे कितीही स्थिर असले तरी.